रेल्वे की भाड्याची गाडी? तीन गेजांच्या मधोमध राहिलेल्या मंगरूळपीरचा इतिहास

१/
युरोपच्या सहलीचा बेत आखणाऱ्या मराठी तरुणांमध्ये एक वाद हमखास रंगतो. पॅरिस, झुरिक, म्युनिक, प्राग अशी यादी तयार असते. अडते ते एका प्रश्नावर. रेल्वेचा पास काढावा, की गाडी भाड्याने घ्यावी? सुमारे नव्वद वर्षांपूर्वी वऱ्हाडातील मंगरूळपीरहून निघणाऱ्या प्रवाशासमोर हाच प्रश्न होता. त्याच्याही वाटेत सरहद्द होती, जकातीचा नाका होता, दुसऱ्या राज्याचे चलन होते आणि तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. त्या प्रवाशाच्या निवडीचा हा इतिहास.

२/
आधी युरोपचे गणित थोडक्यात पाहू. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली या देशांतील मुख्य रूळ एकाच मापाचे आहेत : १४३५ मिलिमीटर. म्हणून डबा सरहद्द ओलांडू शकतो. स्पेनने मात्र अधिक रुंद रूळ स्वीकारले. परिणामी फ्रान्सच्या सीमेवर, आंदाय आणि इरून या स्थानकांवर, प्रवाशांना गाडी बदलण्याचा कार्यक्रम पिढ्यान् पिढ्या करावा लागला. स्पेनमधील नव्या अतिवेगवान मार्गांनी १४३५ मिलिमीटरचे माप घेतले, तेव्हा कुठे ही अडचण कमी झाली.

३/
भाड्याच्या गाडीला रुळांचे बंधन नाही. पण तिच्यापुढे सरहद्द वेगळ्या रूपात उभी राहते. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची तर मोठा आकार भरावा लागतो. विमा कोणत्या देशांत चालेल, ते पाहावे लागते. ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वेगळा पथकर असतो. थोडक्यात, निवड तीन गोष्टींवर ठरते. रूळ इच्छित गावापर्यंत जातात का? सरहद्द वाहनाला अडवते का? आणि भाडे वाटून घ्यायला सोबत किती माणसे आहेत? या तीन कसोट्या घेऊन आता वऱ्हाडात येऊ.

४/
मंगरूळपीर आज वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. बिरबलनाथ महाराजांचे मंदिर आणि हयात कलंदर यांचा दर्गा ही त्याची ओळख. गावाच्या नावातला 'पीर' या दर्ग्याशी जोडला जातो. म्हणजे यात्रा आणि उरुसासाठी बाहेरून माणसे येणे, हे या गावाला नवे नव्हते. शिवाय भोवताली कापसाची काळी जमीन. माणूस आणि माल दोन्ही हलते, तरीही या गावाला रेल्वे मिळाली नाही. ती का मिळाली नाही, यातच पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे.

५/
जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग मानले जात : पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्याचा पायनघाट आणि दक्षिणेकडच्या पठाराचा बालाघाट. अकोला, मूर्तिजापूर ही गावे पायनघाटात. वाशीम, मंगरूळ बालाघाटात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. तिने अर्थातच सपाट खोरे निवडले. घाट चढण्याचा खर्च करावा, असे पठारावर तिला काही दिसले नाही.

६/
या घाईमागे कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. मुख्य मार्गापासून सुमारे आठ मैल बाजूला राहिलेल्या खामगावच्या बाजारासाठी जलंबहून खास फाटा टाकण्यात आला. १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका बाजारपेठेच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून रूळ कोणासाठी टाकले जात होते ते स्पष्ट होते. बडनेरा ते अमरावती हा फाटाही त्याच जातीचा.

७/
मग ज्यांच्या गावाला रूळ नव्हते, ते काय करीत? भाड्याचे वाहन घेत. मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून या भागात भाडोत्री वाहतुकीची मुरलेली व्यवस्था होती. सर्वांत जुनी बंजाऱ्यांची. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे मुलखामुलखांतून फिरत. आजच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ आहे. सरहद्दी ओलांडून माल नेणे हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. पक्के रस्ते झाले, त्यांवर बैलगाड्या वाढल्या, मग रेल्वे आली आणि पाठीवर माल वाहणारा बैल मागे पडला.

८/
माणसांसाठी वेगळी वाहने होती. जड मालाला बंडी, तर प्रवासाला हलकी दमणी किंवा रेंगी. वर तट्ट्या, आत गवताची गादी, पुढे चपळ बैलांची जोडी. स्टेशनावर उतरलेल्या प्रवाशासाठी टांगा उभा असे. भाडे ठरवताना घासाघीस चाले. परतीची सवारी मिळणार नसेल, तर गाडीवान जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे मागे. दुसऱ्या देशात गाडी सोडण्यासाठी आज युरोपात जो आकार पडतो, त्यामागचे कारण हेच : रिकामी गाडी परत आणण्याचा खर्च कोणीतरी सोसायचा असतो.

९/
पावसाळ्यात हा हिशेब कोलमडत असे. वऱ्हाडाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसानंतर चाकाला लोण्यासारखी चिकटते. खडीचा रस्ता सोडला की गाडी रुतलीच. म्हणून कापूस हलायचा तो दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत. रेल्वेची खरी किंमत इथे कळते. तिचा वेग सुखावणारा होताच. पण बारा महिने ठरलेल्या वेळी निघणारे वाहन या मुलखाने त्यापूर्वी पाहिलेले नव्हते.

१०/
आता राजकारणाचा भाग. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी, हे त्याचे कारण. १९०२ च्या करारात वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात हा पट्टा कायमचा झाला आणि १९०३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचेच राहिले, प्रत्यक्ष कारभार इंग्रजांचा. १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हाही मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात.

११/
यामुळे एक विचित्र सीमा तयार झाली. वाशीमच्या दक्षिणेला पैनगंगेच्या पलीकडे हिंगोली. ती निजामाच्या थेट कारभारातली. अलीकडे वाशीम-मंगरूळ, नावापुरते निजामाचे आणि व्यवहारात इंग्रजांचे. पलीकडे हाली शिक्क्याचा रुपया चाले, अलीकडे कलदार. शंभर कलदारांना सुमारे एकशे सोळा हाली रुपये असा भाव असे. टपालाची तिकिटे वेगळी. मालावर जकात घेणारे निजामाचे करोडगिरी खाते वेगळे. मराठी बोलणारी, एकमेकांत सोयरिकी करणारी माणसे या रेषेच्या दोन्ही बाजूंना राहत होती.

१२/
वाशीमहून हिंगोलीकडे जाताना आजही 'कनेरगाव नाका' नावाचे गाव लागते. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या नावातही 'नाका' आहे. आता तिथे कोणी पिशवी उघडून पाहत नाही आणि पैसे बदलावे लागत नाहीत. कारण दोन्ही बाजूंना एकच राज्य आहे. युरोपातील शेंगेन करारावर १९८५ मध्ये सह्या झाल्या आणि तो १९९५ मध्ये अमलात आला. पैनगंगेकाठची ही सरहद्द त्याच्या कितीतरी आधी पुसली गेली, आणि ती पुसण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. तिचा उल्लेख पुढे येईल.

१३/
दरम्यान रेल्वे मंगरूळपीरच्या भोवती येत होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या व्यापारी पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे छोटे मार्ग उभे राहिले. मूर्तिजापूरहून एक मार्ग कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला गेला, दुसरा एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला. रुळांची रुंदी अवघी अडीच फूट. हीच पुढे लोकांच्या तोंडी 'शकुंतला' झाली. कंपनीचे लक्ष कापसावर होते. पण नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या कारंज्याला जाणारे दत्तभक्तही तिने वाहिले.

१४/
दक्षिणेकडून निजामाची रेल्वे आली. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील मार्ग मीटर गेजचा होता. त्यावरील पूर्णा स्थानकातून १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत फाटा टाकण्यात आला. ज्या कंटिंजंट फौजेपायी वऱ्हाड हातचे गेले, तिची एक मोठी छावणी याच हिंगोलीला होती. निजामाचे रूळ तिथपर्यंत आले आणि थांबले. पुढे वाशीम, म्हणजे दुसऱ्याचा कारभार.

१५/
आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला अकोला आणि मूर्तिजापूर : ब्रॉडगेज, साडेपाच फूट. ईशान्येला तीस-पस्तीस किलोमीटरवर कारंजा : नॅरोगेज, अडीच फूट. दक्षिणेला वाशीमपलीकडे हिंगोली : मीटर गेज, एक मीटर. तीन दिशांना तीन मालक आणि तीन मापांचे रूळ. एकाचा डबा दुसऱ्यावर चालणे अशक्य. आणि या तिन्हींच्या मधोमध मंगरूळपीर, ज्याला यांपैकी एकही रूळ शिवला नाही. स्पेनच्या सीमेवर एकदा गाडी बदलावी लागे. इथे रेल्वे गाठेपर्यंतच एक वाहन बदललेले असे.

१६/
समजा, साल १९३५. मंगरूळपीरच्या एका माणसाला तीन ठिकाणी जायचे आहे. पहिले ठिकाण मुंबई. एक वाट अशी : दमणीने किंवा मोटारीने कारंजा, तिथून छोट्या गाडीने मूर्तिजापूर, मग ब्रॉडगेजने बोरीबंदर. दुसरी वाट अशी : मोटार थेट अकोल्याला न्यायची आणि शकुंतलेचा टप्पा गाळायचा. एकटा असेल तर पहिली वाट स्वस्त. चौघे-पाचजण असतील, सोबत बायकामुले आणि वळकट्या असतील, तर दुसरी. दोन्ही वाटांचा आरंभ मात्र रस्त्यानेच.

१७/
दुसरे ठिकाण नांदेड. इथे खरी मौज आहे. संपूर्ण प्रवास रेल्वेनेच करायचा म्हटले, तर अकोल्याहून पश्चिमेला मनमाड गाठायचे. सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. तिथे गेज बदलून पुन्हा पूर्वेला औरंगाबाद, परभणी, पूर्णा करीत नांदेड. आणखी साडेतीनशे. म्हणजे जवळपास पावणेसातशे किलोमीटरचा वळसा. आज अकोल्याहून वाशीम-हिंगोलीमार्गे नांदेडला नेणारा रेल्वेमार्ग अडीचशे किलोमीटरही भरत नाही. मधला हिंगोली ते अकोला हा तुकडा तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

१८/
म्हणून शहाणा प्रवासी मिश्र वाट धरी. मंगरूळपीरहून वाशीम, वाशीमहून हिंगोली हा टप्पा भाड्याच्या गाडीने, आणि हिंगोलीला मीटर गेजची गाडी. वळसा वाचला; पण सरहद्द आडवी आली. नाक्यावर थांबणे आले, सोबतच्या मालाची झडती आली, कलदारांचे हाली करून घेणे आले. लांबचा पण निर्वेध रेल्वेमार्ग, की जवळचा पण नाक्याचा रस्ता, अशी ही निवड होती. हैदराबाद शहराला जाणाऱ्याची गोष्ट तेव्हा निराळी झाली होती. १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेठ मार्ग पूर्ण झाला आणि वर्ध्याहून सरळ ब्रॉडगेजने तिकडे जाता येऊ लागले. एक तुकडा जोडला, की अख्ख्या मुलखाची निवड बदलते.

१९/
तिसरे ठिकाण यवतमाळ. इथे शकुंतला थेट जात होती, कारंज्याला बसले की झाले. तरीही मोटारवाल्याचा धंदा चाले. कारण छोटी गाडी फार सावकाश जाई आणि तिच्या फेऱ्या मोजक्या. मोटार बाजारपेठेतून उचले आणि दारात सोडे. भारतभर हेच दिसत होते. लांबच्या प्रवासात रेल्वेला तोड नव्हती. मोटारीने तिला घेरले ते छोट्या पल्ल्यांवर. पहिल्या महायुद्धानंतर लॉरी आणि बसगाड्यांची संख्या वाढत गेली आणि रेल्वे कंपन्यांना घाम फुटला.

२०/
सरकारने या संघर्षाची चौकशी अनेकदा केली. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्तेविकास समितीचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीने सुचवले की रस्ते हा केवळ स्थानिक मंडळांचा भार मानू नये. मोटारींच्या पेट्रोलवर जादा कर घेऊन तो रस्त्यांवर खर्च करावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्तेनिधी उभा राहिला. आज पेट्रोल भरताना रस्त्यांसाठी जो उपकर द्यावा लागतो, त्याची मुळे इथवर जातात.

२१/
पुढे १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रेल्वे-रस्ता स्पर्धेची पाहणी केली, तर १९३६-३७ मध्ये वेजवुड समितीने रेल्वेच्या आर्थिक दुरवस्थेचा विचार केला. रेल्वेत सरकारचे आणि सरकारने हमी दिलेले प्रचंड भांडवल गुंतले होते. मोटारवाल्याला ना रूळ टाकावे लागत, ना ठरल्या वेळेला रिकामी गाडी सोडावी लागे. सवाऱ्या भरल्या की तो निघे. प्रवाशाला ही सोय वाटे, रेल्वेला हा अन्याय वाटे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते.

२२/
या वादातून १९३९ चा मोटार वाहन कायदा जन्मला. त्याने भाड्याच्या वाहनांचे दोन वर्ग स्पष्ट केले. प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेऊन टप्प्याटप्प्याने चालणारी ती 'स्टेज कॅरेज', म्हणजे बस. संपूर्ण गाडी एकाच सौद्यात ठरवून नेणारी ती 'कॉन्ट्रॅक्ट कॅरेज', म्हणजे भाड्याची मोटार. दोघींनाही परमिट लागू झाले आणि ते एका विभागापुरते. दुसऱ्या प्रांतात जायचे तर तिथल्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. जी मोटार रुळांच्या बंधनातून सुटली होती, तिच्यासाठी कायद्याने कागदी रूळ तयार केले.

२३/
निजामाने वेगळा मार्ग काढला. जून १९३२ मध्ये त्याच्या रेल्वेनेच स्वतःचे रस्ते-वाहतूक खाते सुरू केले : सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट कर्मचारी. रेल्वे आणि बस एकाच मालकाच्या असल्यावर त्या एकमेकींच्या सवाऱ्या पळवीत नाहीत. जिथे रूळ संपतात तिथून बस पुढे नेते. ब्रिटिश हिंदुस्थानात समित्या अहवाल लिहीत असताना एका संस्थानाने हा प्रयोग करून दाखवला. आंध्र आणि तेलंगणाच्या राज्य परिवहन सेवा आपला उगम याच खात्यात शोधतात. मराठवाड्याच्या एस.टी.ची एक मुळीही तिथेच आहे.

२४/
डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. 'नागपूर आराखडा' म्हणून ती ओळखली जाते. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी रस्त्यांची वर्गवारी तिथे ठरली. विकसित शेतीच्या भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, असे ध्येय ठेवण्यात आले. रूळ कुठे टाकायचे हे कापसाच्या गासड्यांनी ठरवले होते. रस्ता कुठे न्यायचा हे ठरवताना, निदान कागदावर तरी, गाव हे एकक मानले गेले. मंगरूळपीरसारख्या गावांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता.

२५/
१९४७-४८ मध्ये सरहद्दीचा प्रश्न रक्ताने सुटला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात करोडगिरीचे नाके हे आंदोलकांचे ठरलेले लक्ष्य होते. अनेक नाके जाळले गेले. सीमेलगतच्या भारतीय मुलखात छावण्या उभ्या राहिल्या आणि रझाकारांच्या भयाने असंख्य कुटुंबे या बाजूला आली. त्यांनी काय वापरले? बैलगाडी, भाड्याची मोटार, नाहीतर पाय. पळून जाणाऱ्या माणसाला वेळापत्रक उपयोगी पडत नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादने शरणागती पत्करली. हाली शिक्का त्यानंतरही काही वर्षे चालला आणि मग तोही इतिहासजमा झाला.

२६/
१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली, तेव्हा मंगरूळपीर त्या राज्यात नव्हते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भातील सरकारी बससेवा, निजामाच्या रेल्वेखात्यातून निघालेली मराठवाड्याची सेवा आणि मुंबई राज्याची एस.टी. एकत्र आल्या. तीन कारभारांत वाढलेल्या तीन व्यवस्थांचे एक तिकीट झाले. रूळ मात्र इतक्या सहज एक झाले नाहीत. हिंगोली-वाशीम-अकोला हा तुकडा स्वातंत्र्यानंतर जोडला गेला, तोही मीटर गेजनेच. अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडले. वाशीमला रेल्वे मिळाली. मंगरूळपीर पुन्हा बाजूला राहिले.

२७/
शकुंतलेचे पुढे काय झाले? देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी या छोट्या मार्गांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली आणि भारतीय रेल्वे त्यावर गाड्या चालवीत राहिली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते, मग डिझेल आले. अलीकडच्या वर्षांत गाड्या टप्प्याटप्प्याने थांबल्या. गरीब प्रवाशासाठी या गाडीचे तिकीट बसच्या तुलनेत नगण्य होते. म्हणूनच तिच्या गेजबदलाची मागणी आजही जिवंत आहे. तिच्यामागे जुन्या इंजिनाच्या आठवणीपेक्षा खिशाचा हिशेब मोठा आहे.

२८/
रेल्वे नसलेल्या गावांना 'निवड' किती असते, हे २०२१-२२ च्या एस.टी. संपाने दाखवले. ऑक्टोबरअखेरीस पेटलेला संप एप्रिलपर्यंत रेंगाळला. ज्या गावांत स्थानक आहे, तिथल्या माणसाकडे दुसरा मार्ग होता. जिथे नाही, तिथे काळी-पिवळी जीप, रिक्षा किंवा कोणाची तरी दुचाकी. शाळेत जाणाऱ्या मुली, दवाखान्याची तारीख असलेले म्हातारे, बाजाराला निघालेली बाई यांच्यासाठी 'रेल्वे की गाडी' हा प्रश्नच उरला नाही. मिळेल ते वाहन आणि मागेल ते भाडे, एवढेच शिल्लक राहिले.

२९/
आणि आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो वाशीम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार भागात त्यावर चढता-उतरता येते. दीडशे वर्षांपूर्वी सपाट खोरे निवडून रेल्वेने ज्या पठाराला वळसा घातला, त्याच पठारावरून देशातील एक अतिशय वेगवान रस्ता गेला. मात्र दुचाकीला आणि तीनचाकीला त्यावर प्रवेश नाही. ज्याच्याकडे चारचाकी आहे किंवा ती भाड्याने घेण्याची ऐपत आहे, त्याच्यासाठी मुंबई जवळ आली.

३०/
सुरुवातीच्या तीन कसोट्या इथे पुन्हा लावून पाहाव्यात. रूळ गावापर्यंत जातात का? मंगरूळपीरच्या बाबतीत १८६७ पासून उत्तर नकारार्थी आहे. सरहद्द अडवते का? १९४८ पर्यंत होय, त्यानंतर नाही. भाडे वाटून घ्यायला किती जण आहेत? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बस देते : चाळीस-पन्नास जण, रोज, एकमेकांना न ओळखणारे. सार्वजनिक वाहन म्हणजे अनोळखी माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली गाडी. एकट्या माणसाला परवडणारी निवड टिकते ती याच वाटपामुळे.

३१/
युरोपात फिरणाऱ्याला रेल्वे आणि मोटार यांत खरोखर निवड करता येते. कारण तिथे अनेक देशांनी मिळून रुळांची मापे जुळवली, सीमा सैल केल्या आणि रस्तेही बांधले. ती निवड प्रवाशाच्या हाती येण्याआधी कोणीतरी शंभर-दीडशे वर्षे घडवली आहे. वऱ्हाडात ती घडवणारे होते कापसाचे व्यापारी, लंडनचे भांडवल, निजामाचे दरबारी आणि चौकशी समित्या. गावाला कोणी विचारले नाही.

३२/
आजही मंगरूळपीरहून रेल्वेने मुंबईला निघणारा माणूस आधी रस्त्याने अकोला, मूर्तिजापूर किंवा वाशीम गाठतो आणि मग गाडीत बसतो. दमणीच्या जागी बस आली, टांग्याच्या जागी रिक्षा. पहिला टप्पा अजून रस्त्याचाच आहे. तो टप्पा किती रुपयांत, किती वाजता आणि कोणाच्या भरवशावर पार पडतो, हे पुढच्या पिढीच्या इतिहासकाराने इथल्या बसस्थानकावर उभे राहून तपासावे.

(धागा समाप्त)